चहात जायफळ कुठलं?

उज्जैनला निघालो तेव्हा माझ्या स्वेटरच्या खिशात एक जायफळ होतं. ते तिथं का होतं हे सांगायचं तर आधी आमच्या घरातल्या चहाबद्दल सांगायला हवं.

वसुधा, माझी पत्नी, उज्जैनची. मी साताऱ्याचा. एका छापखान्यात मुद्रितं तपासण्यात माझी सगळी नोकरी सरली. लग्न होऊन ती साताऱ्याला आली आणि पहिल्याच सकाळी तिनं केलेल्या चहाला जायफळाचा वास होता. जायफळ साताऱ्यात कॉफीत पडतं, श्रीखंडात पडतं, पुरणात पडतं. चहात आलं, फार तर गवती चहाची पात. माझ्या आईनं बशी ओठाला लावली, थांबली आणि विचारलं, "चहात जायफळ कुठलं गं हे?"

वसुधा म्हणाली, "आपल्याकडे असाच करतात."

आईनं मान हलवली. करत असतील माळव्यात. त्या दिवसापासून आमच्या घरात त्याचं नाव 'उज्जैनचा चहा' पडलं आणि सगळे तो निमूटपणे प्यायले.

तिचा तो 'आपल्याकडे' मात्र माझ्या कानाला खटकला होता. 'आमच्याकडे' म्हटलं की ऐकणारा उंबऱ्याबाहेर राहतो, 'आपल्याकडे' म्हटलं की तो आत येतो. माहेरची रीत सासरी सांगताना 'आमच्याकडे' म्हणायला हवं. पण उज्जैनच्या मराठीत हिंदी बरीच मुरलेली असते. 'अपने यहाँ'चं तिनं 'आपल्याकडे' करून टाकलं असणार, असा मी निष्कर्ष काढला. छापखान्यात असा शब्द मी दुरुस्त केला असता. घरात तो मला आवडायचा, म्हणून राहू दिला.

गेल्या हिवाळ्यात वसुधा गेली. आजार लहानसा होता, चहा कसा करायचा हे विचारावं असं कुणाच्या मनातही आलं नाही. ती चहा करायची तेव्हा मी ओट्यापाशी उभा नसायचो असं नाही, पण उभा राहून मी वाचत असायचो. आता करायला गेलो तर जमेना. जायफळ किसून टाकलं की चहा कडवट व्हायचा आणि कपाच्या तळाशी भुसा उरायचा. कमी टाकलं तर वासच नाही. वेलदोडा घालून पाहिला, साखर वाढवून पाहिली. दोन घोट घ्यायचे, उरलेला मोरीत ओतायचा आणि घरभर फिरायचं, हा माझा उद्योग होऊन बसला. एका जागी बसवतच नव्हतं. वाचायला पुस्तक घेतलं तर ते हातात धरून मी या खोलीतून त्या खोलीत जाई.

तिचा धाकटा भाऊ अनिल फोनवर म्हणत होताच, "जिजाजी, वर्ष झालं, आता एकदा या. सिद्धवटाला दूध घालून येऊ ताईच्या नावानं." मी हो म्हटलं. दुधाचं निमित्त त्याचं, माझं निमित्त वेगळं होतं. ज्या गावात असा चहा घरोघर होतो, तिथं कुणाच्याही ओट्यापाशी उभं राहून तो शिकता येईल, एवढाच माझा हिशेब.

माधवनगर

आगगाडीचं सांगण्यासारखं काही नाही. इंदूरहून पुढच्या बसमध्ये मात्र खिडकीबाहेर पाहत राहिलो. काळी माती, वीतभर वाढलेला गहू, मधेच हरभऱ्याचे चौकोन. गाव जवळ आलं तसे खोदलेले रस्ते लागले. सिंहस्थाची तयारी चाललेली. बस थांबे, निघे, परत थांबे. माझ्या शेजारची बाई आरामात झोपली होती आणि मी बस थांबली की उठून उभा राहत होतो.

अनिलचं घर माधवनगरमध्ये दुसऱ्या मजल्यावर आहे. तो रेल्वेतून निवृत्त झालेला, गळ्यात मफलर, आवाज फलाटावरचा. त्याची बायको साधना मूळची ग्वाल्हेरची, बोलायला त्याच्याहून तिखट. मी दारात असतानाच अनिल म्हणाला, "सामान राहू द्या, मी घेऊन राहिलोय न. तुम्ही आराम से बसा. चहा मी करतो."

"सकाळचा यांचा असतो, संध्याकाळचा माझा," साधना म्हणाली. "मतलब हा कोर्टाचा निर्णय आहे असं समजा."

मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. अनिलचा चहा म्हणजे पातेलंभर दूध आणि नावाला पाणी. त्यात ठेचलेलं आलं, साखर आणि सढळ हातानं पत्ती. ही चहापूड, पण उज्जैनला तिला पत्तीच म्हणतात. मग तो खौलू द्यायचा, म्हणजे खळखळ उकळू द्यायचा. वर आला की आच कमी, खाली बसला की आच मोठी. "विटकरी रंग येत नाही तोपर्यंत याला हात लावायचा नाही," अनिल म्हणाला. "चहाला घाई नाही चालत, जिजाजी."

"चहा कसला, बासुंदी आहे ती," साधना बाहेरून म्हणाली. "पत्ती जळून जाते सगळी. पत्ती शेवटी टाकावी, वर झाकण, आणि मग दोन मिनिटं चूप बसावं. चूप बसणं यांना जमत नाही म्हणून चहा उकळत बसतात." ती स्वतः चहात बडीशेप घालते. त्यावर अनिलचं म्हणणं असं की बडीशेप जेवणानंतर, चहा जेवणाआधी, दोघांची गाठ पडायचं कारणच नाही.

मी साताऱ्याची रीत सांगितली. पाणी उकळायचं, साखर, चहापूड, झाकण, गाळायचं आणि दूध वेगळं तापवून वरून.

"वरून दूध!" अनिल कळवळला. "हे तर आजाऱ्याचं झालं."

आम्ही तिघेही हसलो. घोट घेतला. तो गोड, दाट, घशाला धरणारा होता, आणि त्यात जायफळ नव्हतं. मला वाटलं, सकाळच्या चहात घालत नसतील. म्हणून विचारलं, "आणि जायफळ कधी घालता?"

अनिलनं साधनाकडे पाहिलं, साधनानं अनिलकडे.

"चहात?" साधना म्हणाली. "ते तर तुमच्याकडचं न, जिजाजी?"

"आमच्याकडचं कसं? इथलं. वसुधा करायची."

"हो न. ताई माहेरपणाला यायच्या तेव्हा इथं पण तोच करायच्या. आम्ही त्याला साताऱ्याचा चहा म्हणतो. सासूबाई तर सगळ्यांना सांगायच्या, सासरचं वळण बघा किती लवकर लागलं पोरीला."

"आणि तुम्ही पीत होता?"

"ताईनं केलाय तर पिऊन घ्यावाच लागेल न," अनिल म्हणाला. "सुरुवातीला मी अर्धा तुळशीत ओतायचो. आईला वाटायचं तुळस थंडीनं वाळली."

मी कप खाली ठेवला आणि खिशातलं जायफळ मुठीत धरलं. एवढा लांब आलो होतो तो चहा शिकायला, आणि हे लोक तो माझ्याच गावाचा आहे असं समजून वर्षानुवर्षं सहन करत होते. माझी आई तो यांच्या गावाचा समजून सहन करत गेली. मग तो होता कुणाचा? अनिल हे हसण्यावारी नेत होता. मी गच्चीत जाऊन येरझाऱ्या घालू लागलो.

रस्त्यात

दुसऱ्या दिवशी घरात चहा व्हायच्या आत बाहेर पडलो. धुकं होतं. फ्रीगंजच्या बाजूला एका कोपऱ्यावर पोह्यांची वाफ दिसत होती. उज्जैनचे पोहे फोडणीत परतलेले नसतात, वाफेवर ठेवलेले असतात. त्यांत बडीशेप असते, वर शेव आणि आंबटतिखट जीरावन मसाला, आणि सोबत जिलबी. कांदेपोह्यांवर वाढलेल्या माणसाला आधी हा पोह्यांचा अपमान वाटतो, चौथ्या घासाला नाही वाटत. मी चौथ्या घासापर्यंत थांबलो आणि बशी ठेवून पुढे निघालो. पोटात भूक होती, पण पाय थांबत नव्हते.

चहाच्या टपऱ्या एकापुढे एक. मी प्रत्येक ठिकाणी पातेल्यात डोकावत होतो. एकाकडे दगडाएवढं आलं, एकाकडे वेलदोडा, एकाकडे तुळस. एक दाढीवाला चहावाला ओगराळ्यानं चहा उचलून हातभर उंचीवरून परत पातेल्यात सोडत होता. त्याला विचारलं, "भिया, जायफल वाली चाय मिलेगी?"

ओगराळं हवेतच थांबलं. "जायफल? वो तो बच्चों को सुलाने के लिए देते हैं, बाऊजी." मग बाकड्यावरच्या गिऱ्हाइकांकडे वळून, "बाऊजी को नींद नहीं आ रही."

बाकड्यावर सल्लागारांची उणीव नव्हती. एक म्हणाला, चायच बंद करा, झोप येईल. दुसरा म्हणाला, चायमुळे नाही, साखरेमुळे येत नाही. तिसरा म्हणाला, गुळाची चाय प्या, पण गूळ आधी टाकला तर दूध फाटतं, तेव्हा चाय उतरवूनच गूळ. यावर पहिला म्हणाला, फाटतं ते गुळानं नाही, घाईनं. बघता बघता भांडण जुंपलं. त्यांना माझी गरज उरली नव्हती. मी अर्धा ग्लास ठेवून निघालो. खरं तर त्यांचं निदान चुकीचं नव्हतं. झोप येत नव्हतीच.

मग महाकालच्या रांगेत उभा राहिलो, उज्जैनला येऊन न जाणं बरं दिसत नाही म्हणून. कठड्यांमधून रांग वळत वळत जाते. पुढे गेल्यासारखं वाटतं आणि माणूस परत तिथंच येतो. तपासणीच्या जागी रखवालदारानं माझा खिसा चाचपला.

"ये क्या है?"

"जायफल."

"चढ़ाना है?"

"नहीं. चाय के लिए."

त्यानं ते नाकाशी नेऊन हुंगलं आणि परत दिलं. मागची एक बाई समजुतीच्या सुरात म्हणाली, "भैया, जाने दो, किसी ने बताया होगा उनको." मी पुढे झालो. रांग पुन्हा थांबली. समोर कोणाच्या तरी खांद्यावर लहान मूल झोपलं होतं. मला एकाएकी तिथं उभं राहणं अशक्य झालं. कठड्याखालून वाकून मी बाहेर पडलो.

"महाकालच्या दारातून कोणी परत येतं का, जिजाजी?" संध्याकाळी अनिल हळहळला.

"असू द्या न," साधना म्हणाली. "देव कुठं जाऊन राहिलाय?" तिनं समोर गराडू ठेवले. हा इकडचा थंडीतला कंद, तळून मसाला भुरभुरलेला, वर लिंबू. आमच्या रताळ्याचा खमंग चुलतभाऊ म्हणावा असा. तो मात्र मी संपवला. मग तिचा बडीशेपेचा चहा आला. स्वच्छ, हलका, नीट केलेला चहा होता. मी अर्धा ठेवला तेव्हा तिनं नुसता कप उचलून नेला.

सिद्धवट

क्षिप्रेच्या काठी वडाचं जुनं झाड आहे. पितरांच्या नावानं त्याला दूध घालतात. साताऱ्यात आम्ही पितरांना पाणी देतो, भात देतो. झाडाला दूध घालताना मी प्रथमच पाहत होतो. लोक येत होते, लोटे रिकामे होत होते, दगडांवरून पांढरे ओघळ वाहत होते. अनिलनं मोठा लोटा भरून आणला होता. पंडितजींनी वसुधाचं नाव, गोत्र विचारलं. मी सांगितलं. अनिल दूध ओतू लागला.

"बस, बस," साधनानं त्याचं मनगट धरलं. "ताईंना दूध कमी लागायचं."

"बहनजी, पितरों को दूध कम नहीं होता," पंडितजी म्हणाले.

"यांना व्हायचं," साधना म्हणाली.

अनिल हसला आणि लगेच मफलरनं तोंड पुसायला लागला. पुसतच राहिला. उरलेलं दूध मी ओतलं. खोडाच्या खाचांमधून ते खाली जाताना पाहत असताना माझ्या मनात एक साधा प्रश्न आला. वसुधाला दूध कमी लागायचं, हे साधनाला माहीत होतं. वसुधाला कसा चहा आवडायचा, हे मला सांगता आलं असतं का? ती रोज माझ्याबरोबर तोच चहा प्यायची. माझ्याकडे एवढंच होतं. आणि तेही कुठून आलं ते कुणाला ठाऊक नव्हतं. हा चहा हातून गेला तर तिच्या रोजच्या सकाळींमधलं माझ्यापाशी काहीच उरणार नव्हतं.

परत येताना मी सांगून टाकलं की उद्याच निघतो. आणखी राहायचं ठरलं होतं, पण उज्जैनमध्ये जे शोधायला आलो ते उज्जैनमध्ये नव्हतं.

"आलात तेव्हापासून तुमच्या चपला दारात टिकल्याच नाहीत," साधना म्हणाली. "जायचंच तर जा. पण बस नानाखेड्याहूनच आहे न, तर काकूंच्या पाया पडून जा. ताईंच्या वेळी त्यांना साताऱ्याला येता नाही आलं. मन लागून राहिलंय त्यांचं."

नानाखेडा

काकू म्हणजे वसुधाच्या धाकट्या काकांच्या पत्नी. नानाखेड्याच्या बसस्टँडमागे एका कॉलनीत लेकीजवळ राहतात. लेक शाळेत शिकवते, ती घरी नव्हती. काकू दारापुढे उन्हात खुर्ची टाकून हरभऱ्याचे घाटे सोलत बसल्या होत्या. गुडघे गेलेत, कान शाबूत आहेत, हे त्यांनीच आधी सांगितलं. मी वाकून नमस्कार केला, मला सोडायला आलेल्या अनिलनंही केला.

"बसा."

मी बॅग खांद्यावर ठेवून उभाच राहिलो. स्टँडवरचे कंडक्टर 'इंदूर, इंदूर' ओरडत होते ते इथंवर ऐकू येत होतं.

"बसा म्हटलं, जावईबुवा. बस दर अर्ध्या तासाला आहे. मी दर अर्ध्या तासाला नाहीये."

मी पायरीवर टेकलो, बॅग मांडीवर घेऊन.

अनिलला गप्प बसणं जमत नाहीच. "काकू, जिजाजी पूर्ण उज्जैनला जायफळ विचारत फिरून राहिलेत. ताई चहात टाकायची ते. यांना वाटतं आपलं, आपल्याला वाटतं यांचं."

काकूंचे हात थांबले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. आवाज न करता त्या हसत होत्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"मेली सांगूनच गेली नाही का तुम्हाला!"

शब्द लाडाचाच होता. घराघरात पोरीबाळींना दिवसातून दहादा म्हणतात. पण तो बाहेर पडला आणि काकूंनी तोंडावर हात ठेवला. अनिल खाली बघू लागला. स्टँडवरून 'इंदूर, इंदूर' येत राहिलं. मग काकूंनी एक घाटा उचलला, सोलला, आणि त्याच्याकडे पाहतच सांगू लागल्या.

"तुम्ही मुलगी बघायला आलात ते वडिलांना घेऊन. आधी निरोप आलेला, वडील चहा घेत नाहीत, कॉफी घेतात, आणि तिकडे कॉफीत जायफळ लागतं. इथं कॉफी कोण पीत होतं तेव्हा? जायफळ होतं ते माझ्या पोरीच्या घुटीचं. मी ते सहाणेवर दुधात उगाळलं आणि वाटी ओट्यावर ठेवली, कॉफीसाठी. वसूचं सगळं लक्ष दाराकडे. तिनं ती वाटी चहात ओतून दिली. पूर्ण. कॉफी गेली बाहेर तशीच कोरडी."

"मग?"

"मग काय! मी ओरडणार तोपर्यंत ट्रे बाहेर. मी दाराआड. म्हटलं, आता हा पोरगा काय म्हणतो? तुम्ही एक घोट घेतला. थांबलात. भिंतीकडे बघितलंत. आणि म्हणालात..."

ते मला आठवलं. "चहा छान आहे."

"बस. पूर्ण दिवसात तेवढंच बोललात. वडीलच बोलत होते बाकी."

मला तो घोटही आठवला. जिभेला काहीतरी भलतंच लागलं होतं. दुसऱ्याच्या घरी पानात पडेल त्याला छान म्हणावं, ही वडिलांची शिकवण. माळव्यात चहा असाच करत असतील, आपण तोंड वेडंवाकडं करू नये, असं वाटून मी ते वाक्य म्हणालो होतो. वडिलांनी ती कोरडी कॉफीही त्याच शिकवणीनं संपवली असणार.

"तुमचा होकार आला तेव्हा वसूनं मला हात जोडले," काकू म्हणाल्या. "काकू, कोणाला नका सांगू चूक झाली म्हणून. त्यांना आवडलाय. मी आता असाच करीन."

"आणि तिला? तिला आवडला होता?"

काकूंनी नाक असं काही मुरडलं की त्या क्षणभर वसुधासारख्या दिसल्या. "उरलेला पिऊन असं केलं तिनं."

"मलाही नव्हता आवडला, काकू."

"मतलब कोणालाच नव्हता?" अनिल म्हणाला. "माझी तुळस फुकट गेली!"

काकू माझ्याकडे बघत होत्या. "तिला मग सवय झाली असेल. तुम्हाला नाही झाली?"

मी मांडीवरची बॅग खाली ठेवली. म्हणालो, "माझ्या आईला ती सांगायची, आपल्याकडे असाच करतात."

"आम्हाला पण तेच सांगायची," अनिल म्हणाला. "आपल्याकडे असाच करतात. मी समजलो आपल्याकडे मतलब सातारा."

"बरोबरच तर सांगायची," काकू म्हणाल्या, आणि मांडीवरचं घाट्यांनी भरलेलं सूप बाजूला ठेवून उठायला लागल्या. "चला. किसलं असेल तुम्ही ते."

"हो."

"किसायचं नसतं."

स्वयंपाकघरात त्यांनी फळीवरून एक लहान सहाण काढली. देवाची सहाण शेजारीच होती, तिला हात लावू दिला नाही. "तिच्यावर चंदन. तिच्यावर जायफळ उगाळलं तर देवालाच झोप येईल." मी खिशातलं जायफळ काढलं. सहाणेवर चमचाभर दूध टाकून काकूंनी मला जमिनीवर बसवलं. बाळाची गुटी देताना औषध चिमटीनं मोजत नाहीत, वेढ्यांनी मोजतात. सहाणेवर गोल एकदा फिरवलं की एक वेढा.

"दाबू नका. गोल. नुसतं फिरू द्या."

मी फिरवत राहिलो. दूध हळूहळू पिवळसर झालं. पहिल्यांदा काहीच आलं नाही आणि मग एकदम तो वास आला, साताऱ्याच्या घरातला, वर्तमानपत्र यायच्या वेळचा. मला पुढचे वेढे मोजता आले नाहीत. काकूंनीच "बस" म्हटलं.

चहा त्यांनी केला, मी ओट्यापाशी उभा राहून पाहिला, हातात पुस्तक नव्हतं. पाणी, साखर, पत्ती, वर झाकण. आच बंद. मग थोडं गरम दूध आणि ते उगाळलेलं जायफळ, उकळी न आणता. तो अगदी तोच नव्हता. इकडचं दूध दाट आहे. पण कडवटपणा नव्हता, तळाशी भुसा नव्हता, आणि घोट गिळून झाल्यावर मागून जे यायचं ते आलं. अनिलही पूर्ण कप प्यायला. जवळ तुळस होती तरी.

किती बसा गेल्या, माहीत नाही. काकूंची लेक शाळेतून आली तेव्हा मी पायरीवर घाटे सोलत बसलो होतो आणि माझ्या चपला दाराशी होत्या.

सातारा

दुसऱ्या दिवशी निघण्यापूर्वी गोपाळ मंदिराजवळच्या बाजारातून एक सहाण घेतली. बॅगेतलं सर्वांत जड सामान तेच होतं. जे वाचायला नेलं होतं त्या पुस्तकातली खूण पहिल्या पानावरच राहिली.

घरी येऊन आठवडाभरात हात बसला. किती वेढे ते आता मोजावं लागत नाही, रंगावरून कळतं. परवा संध्याकाळी शेजारचे जाधव प्रवासाची हकिगत ऐकायला आले. महाकालचं दर्शन कसं झालं, हे त्यांनी आधी विचारलं. ते झालं नाही, हे सांगायला जरा जड गेलं. मी चहा केला आणि दोघांसाठी ओतला. त्यांनी घोट घेतला, थांबले, आणि कपात पाहिलं.

"चहात जायफळ कुठलं? उज्जैनची पद्धत वाटतं?"

'आपल्याकडे' हा शब्द अगदी ओठावर आला होता. पण तो जाधवांना म्हणता येईना. तो म्हणायला समोर जे माणूस लागतं, ते नव्हतं.

"नाही," मी म्हणालो. "आमच्याकडे असाच करतात."

जाधव भले गृहस्थ आहेत. त्यांनी आणखी एक घोट घेतला, क्षणभर भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाले, "छान आहे."

तो सूर माझ्या ओळखीचा होता.

"होईल सवय," मी म्हणालो, आणि माझा कप घेऊन त्यांच्यासमोर बसलो.